कुलाब्याच्या फुटपाथवरचं बोचकं

आक्का, दमले. तुम्ही असतात तर लगेच म्हणाला असतात, "खुर्चीवर बसून पोरं वळती आन् म्हनं दमली!" पण खरंच दमले. तेरा दिवस घरात पाय ठेवायला जागा नव्हती. येणाऱ्याला चहा, जाणाऱ्याला चहा, आलेल्या बाईच्या गळ्यात पडून रडायचं आणि तिचं रडणं आवरलं की तिच्याच हातात कप द्यायचा. आठव्या-नवव्या दिवसापासून मला रडूच येईना, नुसते पाय दुखत होते. काल तेरावा झाला. आज सकाळच्या एसटीने शेवटचे पाहुणे गेले. दुपारची भांडी घासून ओट्यावर टेकले तेव्हा लक्षात आलं, तेरा दिवसांत मला कुणी 'मास्तरीण' म्हणून हाक मारलेली नाही. या घरात तशी हाक तुम्ही एकट्याच मारत होतात.

माणूस गेलं की लोक त्याच्या गोष्टी सांगतात. तुमच्याही सांगितल्या. भाताच्या लावणीला तुमचा हात धरणारी अख्ख्या माले गावात दुसरी नव्हती, असं निम्मं गाव म्हणालं. जावा-जावा असून आपण कधी भांडलो नाही, असंही म्हणाले. ते खोटं आहे, पण असो. आणि मग हटकून ती एक गोष्ट यायची. थोरलीनं नणंदेच्या लग्नाचं बोचकं मुंबईच्या फुटपाथवर ठेवलं आणि आपण बोटीत बसायला गेली. अकरा वर्षं ही गोष्ट या घरात पाहुण्यांना चहाबरोबर देतात. ते बोचकं तुम्ही ठेवलं नव्हतंत, आक्का. मी ठेवलं होतं. हे दोघींनाच ठाऊक होतं, आता मला एकटीला ठाऊक आहे. म्हणून शाळेतली एक कोरी वही घेऊन बसले आहे. काल मी काय केलं ते तुम्हाला सांगायचं आहे, पण आधी मुंबईचं सगळं एकदा नीट लिहून काढते. तोंडाने कधी बोललोच नाही ना आपण.

आपल्या नणंदेचं, सुमनचं लग्न माघात धरलं होतं. बाकीचा बस्ता पुण्यातच बांधला, पण पोरीने हट्ट धरला जपानी साडीचा. तेव्हा त्या साड्यांचं काय वेड होतं! धुतली, झटकली, वाळली, इस्त्रीचं नाव नको. फॉरेनचा माल कुलाब्याला गेटवेच्या आसपास मिळतो, हे मीच पचकले. माझी मावशी गिरगावात राहायची आणि लहानपणी मी दोन मे महिने तिच्याकडे काढले होते, तेवढ्यावर मी मुंबईची जाणकार ठरले. वासरात लंगडी गाय शहाणी. पुरुष माणसं भाताच्या झोडणीत अडकलेली, म्हणून आपण दोघीच निघालो. आत्याबाईंच्या मनात ते नव्हतं. सासू म्हणून त्यांचंही बरोबर होतं. धाकटी सून रोज एकटी पौडच्या शाळेत जाते हेच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं, माझ्या नोकरीला जेमतेम आठ महिने झालेले. निघताना म्हणाल्या, "जाताय तर जा. पन कायबी इपरीत घडलं तर हिचं हिंडनं बंद." ते 'हिचं' म्हणजे माझं.

मावशीकडे उतरलो आणि दुसऱ्या दिवशी गिरगावातून आपण दुमजली बसने गेलो, वर, अगदी पुढच्या बाकावर. तुम्ही दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून बसलात, आणि बस वळली तशा ओरडलात, "आगं मास्तरीण, हिला डायवर न्हाई!" मागची सगळी बस हसली. ड्रायव्हर खाली असतो हे मी समजावून सांगितलं, तरी उतरल्यावर तुम्ही पुढे जाऊन त्याला बघून आलात.

गेटवेपाशी मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "हे बघा." तुम्ही मान वर करून बघितलंत, कमानीखालून पलीकडे जाऊन आलात, आणि विचारलंत, "येवढा थोरला दरवाजा, आन् ह्याचा वाडा कुटं हाय?"

"वाडा नाही, आक्का. नुसताच दरवाजा."

"मंग राखन कशाची करत्यात?"

शाळेत मी गेटवेवर धडा शिकवते तेव्हा अजून या ठिकाणी अडखळते. मग तुम्हाला घोड्यावरचे महाराज दिसले. चपला काढून, भर उन्हात तापलेल्या फरशीवर उभ्या राहून तुम्ही हात जोडलेत. शेजारी एक बाई फोटो काढून घेत होती, तिनेही गोंधळून हात जोडले. कबुतरं, लाँचवाल्यांच्या आरोळ्या, समोरच्या त्या मोठ्या हॉटेलच्या दारातला फेटेवाला, सगळं तुम्ही बघितलंत, पण तोंडाचा आ वगैरे केला नाहीत. आ करून बघत मीच होते.

खरेदीत मात्र तुम्ही मला शिष्य करून ठेवलंत. दगडी इमारतींच्या कमानींखाली ओळीने दुकानं आणि पुढे फुटपाथवर पथाऱ्या. घड्याळं, अत्तरं, साबणाच्या वड्या, नायलॉनचे मोजे. साडीवाला हिंदीत आणि तुम्ही आपल्या मावळी बोलीत. तो भाव सांगायचा, तुम्ही साडी चिमटीत धरून चोळायचात आणि चालायला लागायचात. तीनदा उठलात, तीनदा त्याने बोलावलं. फिकट गुलाबी, पांढऱ्या बारीक फुलांची ती साडी त्याने शेवटी तुमच्या हातात दिली तेव्हा त्यालाच हसू फुटलं होतं. नवऱ्या मुलासाठी पँटपीस घेतला, साबण घेतले. मग फुटपाथवरच्या एका बाईकडे तुम्ही थबकलात. नऊवारी नेसलेली, कपाळभर कुंकू, बोलणं आपल्या बाजूचं. जुन्नरकडची म्हणाली. तिच्याकडे घडीच्या छत्र्या होत्या.

"ही छत्री हाय का दोडका?" तुम्ही विचारलंत. तिने कळ दाबून ती उघडून दाखवली. तुम्ही उघडलीत, मिटलीत, परत उघडलीत. तुम्ही स्वतःसाठी बाजारातून कधी काही आणल्याचं मला आठवत नाही. पावसात आपलं इरलंच बरं, म्हणायचात. ती छत्री मात्र घेतलीत. सगळं मिळून तुमच्या जुन्या लुगड्यात बोचकं बांधलं आणि ते माझ्या हातात आलं.

इथून पुढचं लिहायला हात जड होतो.

मला लाँचमध्ये बसायचं होतं. लहानपणी मावशीने नेलं नव्हतं, ते मनात राहिलेलं. तुम्हाला पटेना. माहेरी जायला तुम्ही जन्मभर होडीतून धरणाचं पाणी ओलांडलं होतंत, पाण्यावर नुसतं फिरायला तिकीट काढायचं म्हणजे खुळेपणा. पण मी हटून बसले. बोचक्याने माझी बोटं आखडली होती. मी त्या नऊवारीवाल्या बाईला म्हटलं, "मावशी, एवढं ठेवाल का? तासाभरात नेतो."

"ठिवा की," ती म्हणाली.

तुम्ही मला बाजूला ओढलंत. "हितं वळखीचं कोन हाय?"

"पौडला आपण मुनीरचाचांकडे ठेवतोच ना?"

"ती चाचाची पायरी हाय. ही वाट हाय, मास्तरीण. वाटंवं ठिवत्यात व्हय?"

पौडच्या बाजाराची आपली ती रीतच होती. मुनीरचाचांचं बांगड्या-कापडाचं दुकान स्टँडला लागून, बाजारच्या दिवशी आधीची खरेदी त्यांच्या पायरीवर टाकायची आणि हात हलवत पुढच्या बाजाराला जायचं. मुळशीकडच्या निम्म्या बायका तेच करायच्या. कोणती पिशवी कुणाची, चाचांना विचारावंही लागायचं नाही. मला ती रीत तुम्हीच लावली होतीत. मला वाटलं रीत पिशवीची आहे. ती चाचांची होती. नऊवारी, कुंकू आणि आपली बोली एवढं बघून मी त्या बाईला ओळखीची करून टाकली. नावसुद्धा विचारलं नाही, कारण आपल्याकडे कोण कुणाला नाव विचारतं? ते सगळ्यांना ठाऊकच असतं. "काही होत नाही हो आक्का," असं म्हणून मी तुमचा हात धरून ओढत धक्क्यावर नेलं.

आता एक सांगते, ते खोटं नाही. तो लाँचमधला तास चांगला गेला. लाँच धक्का सोडून लांब गेली, तसा वारा लागला, तुमचा पदर उडायला लागला आणि तुम्ही तो दातात धरलात. मोठमोठी जहाजं, त्यांच्या बाजूला आपली लाँच म्हणजे भाताचं फोलपट. तुम्ही पाण्यात हात घातलात आणि बोट चाटून बघितलंत. "खरंच खारं हाय गं!" म्हणालात. मला वाटतं आयुष्यात तेवढाच तास तुमच्या हाताला काम नव्हतं. मी तेव्हा नवीन सून होते, घरात कुणाशी मोकळं बोलता येत नव्हतं, आणि त्या लाँचवर मी तुम्हाला माझी सगळी गाऱ्हाणी सांगितली. तुम्ही पाण्याकडे बघत ऐकलंत. त्या तासाबद्दल तुमचे उपकार मानायचे राहिले.

परत आलो तर त्या जागी एक माणूस पट्टे विकत बसलेला. "सुबहवाली बाई? वो तो गई. दोपहर से ये जगह मेरी है." कुठे गेली? माहीत नाही. नाव काय? "आई बोलते हैं सब." आपण दिवेलागणीपर्यंत त्या फुटपाथवर येरझाऱ्या घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो, तर त्या पट्ट्यातले फेरीवालेच उठवलेले, फुटपाथ धुतल्यासारखा रिकामा. दुपारी बोरीबंदरला गाडीत बसलो. पुण्यापर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मी रडत होते. तुम्ही मला पाणी दिलंत, तेही न बोलता.

पौडला माल्याच्या एसटीची वाट बघत आपण चाचांच्या पायरीवर बसलो. तिथे तुम्ही तोंड उघडलंत.

"घरी गेल्याव तू काय बोलायचं न्हाई. बोचकं म्या ठिवलं."

"आक्का, असं कसं?"

"तू ठिवलं म्हनलीस तर उंद्यापासनं तुजी साळा बंद. ऐकलंस न्हवं आत्याबाई काय म्हनल्या? माजं काय जातंय? दोन दिस शिव्या खाईन."

आणि घरी तसंच झालं. दारातच आत्याबाईंनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "माजं चुकलं. म्या ठिवलं." त्या म्हणाल्या, "अक्कल गहान टाकलीवती का?" तुम्ही म्हणालात, "व्हय." मी तुमच्या मागे उभी होते, जमिनीकडे बघत. नाही म्हणायला मला एक श्वास पुरला असता, तेवढाही मी घेतला नाही.

सुमन दोन दिवस रडली आणि पुण्याच्या साडीत लग्न करून गेली. शिव्या दोन दिवसांत संपल्या, तुमचा अंदाज तेवढा बरोबर होता. पण "माजं काय जातंय" हा अंदाज चुकला. पुढच्या बाजारच्या दिवशी आत्याबाईंनी पिशव्या माझ्या हातात दिल्या. "हिला मानसं कळत्यात," म्हणाल्या. "थोरलीला न्हाई आता बाजाराला धाडायचं." तुमचा बाजार गेला, आणि तो माझ्याकडे आला.

त्यात काय गेलं हे कळायला मला वेळ लागला. तुमची आई धरणापलीकडून बाजाराला यायची. दर आठवड्याला अर्धा तास मायलेकी चाचांच्या पायरीवर बसायचात. व्याह्यांच्या दारात ती दर आठवड्याला कशी उतरणार? बाजार होता म्हणून भेट होती. तो गेला तशा तुम्ही बाजारच्या दिवशी फाट्यावर येऊन उभ्या राहायला लागलात. मुळशीकडून एसटी यायची, खिडकीत आई बसलेली. मी पिशव्या घेऊन गाडीत चढायचे, आणि मी चढून बसेपर्यंत तुम्ही खालून तिचा हात धरून बोलायचात. कंडक्टरने घंटी मारली की हात सुटायचा. मग पौडपर्यंत मी तिच्या शेजारी बसायचे. ती मला एकदाही काही टोचून बोलली नाही. "लेकीची तब्येत बरी हाय न्हवं?" एवढंच विचारायची. चाचा मात्र दर वेळी विचारायचे, "थोरल्या बाई येत न्हाईत आता?" मी सांगायचे, "घरी कामं असतात हो." अशी तीन वर्षं गेली. मग एकदा खिडकीत ती नव्हती, आणि आठ दिवसांनी निरोप आला.

तिचं दिवसकार्य करून तुम्ही माहेराहून परत आलात, तेव्हा ओढ्यावर धुणं धुताना मी म्हटलं, "आक्का, आज मी आत्याबाईंना सगळं सांगते."

तुम्ही लुगडं आपटत होतात, थांबला नाहीत. "जुनी मढी उकरू नगंस. आता सांगून माजी आई येती का?"

त्यानंतर मी कधीच काही बोलले नाही. तुम्ही गप्प केलंत म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला सांगत आले. खरं सांगू? मला गप्प राहणं सोयीचं होतं. नोकरी होती, बाजार होता, घरात शब्दाला किंमत होती. कधी कधी तुमचा रागही यायचा. पायरीवर बसून परस्पर ठरवून टाकलंत, मला आयुष्यभर लहान करून ठेवलंत, असं वाटायचं. मग तुम्ही समोरून गरम भाकरी घेऊन यायचात आणि रागाचं तोंड मिटायचं. आज माझ्या हाताखालून शिकून गेलेली पोरं एसटीत उठून मला जागा देतात. ती जागा तुमची आहे, हे दर वेळी मनात येतं, आणि तरी मी बसते.

आपलं एकच भांडण मोकळं चालायचं, ते त्या बाईवरून. मी म्हणायचे, तिने चोरलं. तुम्ही म्हणायचात, "कशावरनं? ती बोचकं घिऊन आपली वाट बगत आसंल. आपुनच उशिरा गेलो." मी म्हणायचे, "आक्का, जगात असं कुणी वाट बघत बसत नाही." तुम्ही म्हणायचात, "तू मास्तरीण हायेस, पोलीस न्हाईस." गेल्या पावसात अंथरुणावरून उठवत नव्हतं तेव्हाही एकदा हेच म्हणालात. त्या भांडणात मी हरले असते तर बरं झालं असतं.

आता कालचं. पंगती उठल्या होत्या. माजघरात बायका बसल्या होत्या, आत्याबाई भिंतीला टेकून. सुमन थोरल्या लेकीला घेऊन आलेली. तिने लेकीला सांगायला सुरुवात केली, हसत आणि डोळे पुसत, "तुज्या थोरल्या मामीनं माजी जपानी साडी मुंबईच्या वाटंवं ठिवली..." पोरगी हसली. मला ते हसणं सोसवलं नाही.

"मी ठेवली होती," मी म्हटलं.

मी सगळं सांगितलं. माझी आखडलेली बोटं, लाँचचा हट्ट, तुम्ही 'वाटंवं ठिवत्यात व्हय' म्हणालात ते, चाचांच्या पायरीवर काय ठरलं ते, दारात मी जमिनीकडे बघत उभी होते ते. काही गाळलं नाही.

सुमन उठून माझ्याजवळ आली. तिने माझे डोळे पुसले. "वहिनी, किती वं माया तुमची तिच्याव! मेल्याव बी तिचं आपल्याव घेताय."

"अगं, खरं सांगतेय मी."

"व्हय, व्हय. शांत व्हा."

आत्याबाई डोळे मिटून म्हणाल्या, "शिकल्याली बाय हाय ती. तिच्या हातनं आसं हुईल व्हय? थोरलीचं झाकाया बगती बिचारी. आशी जाऊ मिळाया नशीब लागतं."

बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी माझ्या पाठीवरून हात फिरवला, कुणीतरी माझ्यासाठी चहा आणला.

आक्का, अकरा वर्षांनी मी खरं बोलले, आणि त्याचंही कौतुक माझंच झालं.